एक लाख फोन लावले, म्हणून काय झालं?

निवडणुकीचा वास लागला की जो फॉरवर्ड हमखास उगवतो, तो पुन्हा फिरतोय. वहिनींकडून आला, मग सोसायटीच्या ग्रुपवर, मग शाळेच्या मित्रांकडून. मजकूर थोडक्यात असा: सर्व्हे फोनवरून केला, नमुना एक लाखाचा, नंबर संगणकाने चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडले. आज प्रत्येकाकडे मोबाइल असल्यामुळे कुणी सुटत नाही. चूक फार तर ०.३ टक्के. फोन न उचलणारे सगळ्याच पक्षांचे असतात, आणि उरलीसुरली कसर ‘वेटेज’ देऊन, म्हणजे कमी सापडलेल्या गटाची उत्तरं जास्त वजनाने मोजून, भरून निघते.

आधी ‘प्रत्येकाकडे मोबाइल’ हे घेऊ, कारण सगळा डोलारा त्यावर उभा आहे. शहरांत सिमकार्डं माणसांपेक्षा जास्त भरतात, हे खरं. पण मत सिमकार्ड देत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयाच्या बायकांना घरी जाऊन विचारलं होतं की, तुम्ही स्वतः वापरता असा मोबाइल तुमच्याकडे आहे का? देशभरात ५४ टक्के ‘हो’ म्हणाल्या. शहरांत ६९, खेड्यांत ४७. महाराष्ट्रात जेमतेम ५५. त्यानंतर फोन वाढलेत, मान्य. पण पन्नाशी ओलांडलेल्या बायका या मोजणीत नव्हत्याच, आणि मतदारयादीत त्या आहेत.

शिवाय घरात फोन असणं म्हणजे बाईच्या हातात फोन असणं नव्हे. सकाळी अकराला कॉल लागतो तेव्हा फोन नवऱ्याच्या खिशात असतो आणि ती खुरपायला गेलेली असते. संध्याकाळी लावला तर तोच उचलतो. ‘घरातल्या ताईंशी बोलायचंय’ म्हटलं की ‘मलाच विचारा की’. दिलाच फोन, तर स्पीकरवर, आणि हा शेजारी उभा. मग नोंदलं गेलेलं मत कुणाचं? रेकॉर्ड केलेल्या आवाजाचा, ‘१ दाबा, २ दाबा’ छापाचा कॉल असेल तर आणखी मजा. आजीच्या फोनवर बटणं दाबणारा नातू आठवीत आहे, हे यंत्राला कळणार कसं? वय विचारलं तर तेही तोच दाबतो.

हे काम नीट करायचं तर न लागलेला नंबर टाकून पुढचा घेता येत नाही. तोच नंबर वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी पाच-सहा वेळा लावावा लागतो. बायकांशी बोलायला बायका लागतात. हा फोन किती जण वापरतात, तुमच्याकडे सिम किती, हे विचारावं लागतं. दोन नंबरवाल्याला कॉल यायची शक्यता दुप्पट असते, तिघांत एक फोन असेल तर प्रत्येकाची वेगळीच. आणि मतदान कुठे करता, हेही विचारावंच लागतं. नंबरवरून फार तर ‘महाराष्ट्र आणि गोवा’ हे सर्कल, म्हणजे टेलिफोन खात्याचा विभाग, कळतं, त्यात माण की मडगाव ते नाही. २०१५ पासून देशभर पोर्टेबिलिटी, म्हणजे राज्य बदललं तरी तोच नंबर ठेवायची सोय, आल्यावर तेवढीही खात्री उरली नाही.

आता ०.३ टक्के. एक लाखाचं वर्गमूळ काढा, ३१६ येतं. एकला त्याने भागलं की ०.३ टक्के. गणित चोख आहे. फक्त ते निवडीतल्या योगायोगाचं मोजमाप आहे. जे हाती लागलेच नाहीत त्यांचं नाही. ती चूक काढायची तर सुटलेल्यांचं प्रमाण आणि सुटलेले व सापडलेले यांच्या मतांतला फरक यांचा गुणाकार करा. समजा ३० टक्के मतदार फोनवर सापडत नाहीत आणि त्यांच्यात एका पक्षाचा पाठिंबा १० टक्क्यांनी जास्त आहे. आकडा ३ ने चुकणार. हजार फोन लावा नाहीतर कोटी, ३ ने चुकणारच. अमेरिकेत १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने टेलिफोन डिरेक्टरी आणि मोटारमालकांच्या याद्यांवरून एक कोटी मतपत्रिका पाठवल्या. सुमारे २४ लाख परत आल्या आणि रूझवेल्टविरुद्ध उभे असलेले लँडन जिंकणार असं निघालं. लँडनना दोन राज्यं मिळाली.

चिठ्ठ्या टाकून नंबर निवडणं ही पद्धत मात्र चांगली आहे, तेवढं श्रेय द्यावं लागेल. आणि घरोघरी जाऊन सर्व्हे करणारेही काही धुतल्या तांदळाचे नाहीत. २०२४ च्या लोकसभेला एनडीएच्या पदरात साडेतीनशेच्या वर जागा टाकणाऱ्यांत तेही होते, मिळाल्या २९३.

न उचलणारे सगळ्या पक्षांचे असतात? असतील. सारख्याच प्रमाणात असतात, हे कुणी दाखवलं? प्यू रिसर्च या सर्वेक्षण-संस्थेच्या अमेरिकेतल्या फोन-सर्वेक्षणांत प्रतिसाद १९९७ मध्ये ३६ टक्के होता, २०१८ मध्ये ६. अनोळखी माणसाशी राजकारणावर वीस मिनिटं बोलणारा माणूस बाकीच्या ९४ जणांसारखा असेल, असं गृहीत धरायला भारीच भाबडेपणा लागतो.

राहिलं वेटेज. हजार मुलाखतींत ग्रामीण बायका ३३० हव्यात आणि मिळाल्या ६०, तर प्रत्येकीचं मत साडेपाच पट धरावं लागतं. असं केलं की हजाराचा नमुना प्रत्यक्षात साधारण ४३५ जणांच्या तोलाचा उरतो आणि चूक ३ वरून पावणेपाच टक्क्यांच्या आसपास जाते. वर त्या साठही जणी फोनवाल्याच. बिनफोनवालीचं मत त्यांना साडेपाचाने गुणून येत नाही. तेव्हा पुढच्या वेळी हा फॉरवर्ड आला तर पाठवणाऱ्याला तीन आकडे मागा: एकूण किती नंबर लावले, ग्रामीण बायका किती बोलल्या, आणि सगळ्यात मोठं वेटेज किती दिलं.