अनिर्वचनीय मिसळ

फेसबुकवर हल्ली सगळंच अनिर्वचनीय असतं. हरिश्चंद्रगडावरचा सूर्यास्त, लेकीचं अरंगेत्रम, कोल्हापूरची मिसळ. लिहिणाऱ्याला म्हणायचं असतं, 'काय सांगू, शब्दच नाहीत!' त्यासाठी 'अवर्णनीय' पुरतो की! अनिर्वचनीयचं काम वेगळं आहे आणि ते करणारा दुसरा शब्द मला तरी सापडलेला नाही, म्हणून ही कुरकुर.

निर्वचन म्हणजे वर्णन नव्हे. यास्काच्या निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांवरच्या जुन्या ग्रंथात, शब्दांची निर्वचनं आहेत, म्हणजे शब्द फोडून त्याचा अर्थ ठरवणं. जे ठरवताच येत नाही ते अनिर्वचनीय. शंकराचार्य ब्रह्मसूत्रभाष्यात नामरूपांना, म्हणजे जगातल्या नावा-आकारांना, 'तत्त्वान्यत्वाभ्याम् अनिर्वचनीय' म्हणतात: ब्रह्मच म्हणावं की ब्रह्माहून वेगळं, काहीच ठरत नाही. पुढे अद्वैतवाल्यांनी, म्हणजे ब्रह्म एकच खरं मानणाऱ्यांनी, हा शब्द जग भासवणाऱ्या मायेला कायमचा चिकटवला. अंधारात दोरीवर भासलेला साप घ्या. त्याचं वर्णन हवं तेवढं करा: काळा, जाडजूड, वेटोळं घातलेला. अडचण वर्णनाची नाहीच. साप होता म्हणावं, तर बॅटरी मारल्यावर गेला कुठे? नव्हता म्हणावं, तर दरदरून घाम कशाने फुटला? मुळात नसलेली वस्तू, सशाचं शिंग किंवा वांझेचा मुलगा, कुणाला दिसतसुद्धा नाही. म्हणजे सत् नाही, असत् नाही, आणि दोन्ही एकदम म्हणायची तर सोयच नाही.

रामानुजाचार्यांना हे अजिबात पटलं नाही. ब्रह्मसूत्रांवरच्या आपल्या श्रीभाष्यात त्यांनी मायेच्या या मतावर सात आक्षेप घेतले, त्यातला एक नेमका अनिर्वचनीयतेवर आहे. वस्तू एकतर असते किंवा नसते. तिसऱ्या प्रकारचा अनुभव येतो कुणाला? (आक्षेप दमदार आहे, मला अजून त्याचं उत्तर नीट देता येत नाही.) इकडे ज्ञानेश्वरांनी अमृतानुभवाचं अख्खं सातवं प्रकरण अज्ञानखंडनाला दिलं; अज्ञान म्हणजे हीच माया. ज्या शब्दावरून एवढे वाद झडले, तो आपण शेव-फरसाणासारखा भुरभुरवतो.

आता कुणीतरी नारदभक्तिसूत्रं काढणार. ५१वं सूत्र 'अनिर्वचनीयं प्रेमस्वरूपम्', आणि लगेच ५२वं 'मूकास्वादनवत्', मुक्याने चाखलेल्या चवीसारखं. मान्य! चवीचा दाखला जुनाच आहे, तेव्हा मिसळवाल्यांची बाजू अगदीच लंगडी नाही. पण तिथे विषय प्रेमाचा चाललाय, तर्रीचा नव्हे.

शिवाय जुना, काटेकोर अर्थ आज जास्त उपयोगी आहे असं माझं मत. आमच्या डिमॅट खात्यात न विकलेल्या शेअर्सचा नफा हिरव्या आकड्यांत दिसतो. आहे म्हणावं, तर त्यातून दुधाचं बिल भागत नाही आणि बाजार आपटला की सकाळचा आकडा दुपारी गायब. नाही म्हणावं, तर त्याच्याच जोरावर आमच्या यजमानांनी गाडी बुक करून ठेवली आहे.