वसंतराव नाईक आणि ‘योगायोगाचा मुख्यमंत्री’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

वसंतराव नाईकांच्या कारकिर्दीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही साताऱ्याहून सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आधी आभार. राग आहे, पण अभ्यासही आहे, म्हणून दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होणं मला बरं वाटलं नाही.

ज्यांनी मूळ प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. नाईक ही यशवंतराव चव्हाणांनी आणि साखरपट्ट्यानं केलेली सोय होती. मागे मोठी जात नाही, हाताशी कारखाना नाही, त्यामुळे कुणालाच त्यांचा धोका नव्हता आणि म्हणून ते अकरा वर्षं टिकले. पंचायत राज यशवंतरावांचं, रोजगार हमी वि. स. पागे यांची, संकरित बियाणं दिल्लीच्या शास्त्रज्ञांचं, मग नाईकांचं स्वतःचं असं काय? वर अन्नधान्यात स्वयंपूर्ण होण्याची शनिवारवाड्यावरची घोषणा फसली, शिवसेनेला त्यांनी मोकळं रान दिलं आणि विदर्भाचा माणूस असून विदर्भ मागेच राहिला. खुर्ची गेल्यावर त्यांना कुणी विचारलं नाही, असंही तुम्ही म्हणता. आणि शेवटी, ‘लेखक पुसदकडचे दिसतात, म्हणून एवढा उमाळा.’

मी बीड जिल्ह्यातला. नाईकांच्या पुसदशी माझं नातं नाही, त्यांच्या बंजारा समाजाशीही नाही. नाईकांबद्दल मला जे वाटतं ते कुठून आलं, ते पुढे येईलच.

आधी योगायोगाचं बोलू. १९६२ साली चीननं हल्ला केला, यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि मारोतराव कन्नमवार मुख्यमंत्री झाले. कन्नमवार २४ नोव्हेंबर १९६३ला गेले. थोडे दिवस पी. के. सावंतांनी कारभार पाहिला आणि ५ डिसेंबरला नाईकांचा शपथविधी झाला. नाईकांच्या नावाला कुठल्याच मोठ्या गटाची हरकत नव्हती, हे तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. यशवंतरावांचा शब्द नसता तर ते झाले नसते, हेही मान्य. पण खुर्ची का मिळाली आणि खुर्ची का टिकली हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि तुम्ही एकाचं उत्तर दुसऱ्याला लावता. कुणालाच नको नसलेला माणूस म्हणून बसवलेले मुख्यमंत्री नंतर महाराष्ट्रानं कितीतरी पाहिले. वर्ष-दोन वर्षांत त्यांची उचलबांगडी झाली. नाईकांनंतर पाच वर्षांची मुदत सलग पूर्ण करणारा मुख्यमंत्री या राज्याला थेट २०१९ साली मिळाला. मधली चव्वेचाळीस वर्षं कुणालाच ते जमलं नाही. नुसतं निरुपद्रवी असून माणूस एवढा टिकतो?

माझ्या मते नाईक टिकले कारण त्यांना महसूल कळत होता. हे वाक्य रूक्ष वाटेल, पण माझ्या लेखाचा गाभा तोच होता आणि तुमच्या प्रतिक्रियेत नेमका त्याचाच उल्लेख नाही.

गहुलीच्या तांड्यावर १९१३ साली जन्म. नागपूरला मॉरिस कॉलेज, मग वकिली, मग पुसदचं नगराध्यक्षपद. १९५२ साली ते आमदार झाले ते जुन्या मध्य प्रदेशात, कारण तेव्हा विदर्भ त्या राज्यात होता आणि राजधानी नागपूर होती. रविशंकर शुक्लांच्या सरकारात त्यांना महसूल खात्याचं उपमंत्रिपद मिळालं. मालगुजारी, म्हणजे तिकडची जमीनदारी, नुकतीच रद्द झाली होती. कुणाची जमीन, कुणाचा कब्जा, कुणाचं नाव कागदावर आणि कुणाचा नांगर शेतात, हे सगळं तेव्हा नव्यानं लावायचं होतं. १९५६ला विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला तेव्हा त्यांच्याकडे आधी सहकार आणि मग कृषी खातं आलं. १९६०ला महाराष्ट्र झाल्यावर पुन्हा महसूल. कमाल जमीन धारणेचा १९६१चा कायदा त्यांच्या खात्याचा. म्हणजे मुख्यमंत्री होण्याआधीची अकरा वर्षं हा माणूस सातबारा, पतसंस्था, बियाणं आणि तलाठ्याचं दप्तर यांतच वावरला होता. त्या पिढीत जेलमध्ये जाऊन आलेले, सभा गाजवणारे नेते पुष्कळ होते. जमीन प्रशासनाचा असा सलग सराव झालेला मला तरी दुसरा दिसत नाही.

त्याचं फळ कुठे दिसतं? महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६. आपण ज्याला महाराष्ट्र म्हणतो त्यात तेव्हा तीन कारभार नांदत होते. तुमच्या साताऱ्याला मुंबई इलाख्याचे कायदे, नागपूर-वऱ्हाडला मध्य प्रांताचे आणि आमच्या बीडला निजामाचे. एकाच राज्यात जमिनीच्या वादाला तीन ठिकाणी तीन पद्धती. ही संहिता १५ ऑगस्ट १९६७ पासून लागू झाली आणि सगळ्या राज्याचा जमीन कारभार एका कायद्याखाली आला. आज तुम्ही फेरफाराची नोंद करायला जाता किंवा वाटणीसाठी तहसीलदाराकडे अर्ज करता, तो याच संहितेखाली. यावर कुणी पोवाडा रचत नाही. राज्य मात्र अशा कामांनी एक होतं. नकाशावर ते १ मे १९६०लाच एक झालं होतं, कचेरीत एक व्हायला आणखी सात वर्षं लागली.

पंचायत राज यशवंतरावांचं, असं तुम्ही म्हणता. इच्छा आणि धाडस त्यांचंच, यात वाद नाही. पण आराखडा ज्या समितीनं केला तिचे अध्यक्ष नाईक होते, आणि त्या अहवालातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट दिल्लीच्या सल्ल्याविरुद्ध जाणारी होती. केंद्राच्या बलवंतराय मेहता समितीचा भर तालुका पातळीवर होता. नाईक समितीनं १९६१ साली सांगितलं की खरी ताकद जिल्ह्याला द्या. जिल्हाधिकाऱ्याला जिल्हा परिषदेच्या बाहेर ठेवा, तिथे स्वतंत्र मुख्य कार्यकारी अधिकारी नेमा, आणि आमदार-खासदारांना परिषदेत सदस्यत्व देऊ नका. शेवटची शिफारस पुन्हा वाचा. मंत्रिमंडळातला माणूस आपल्याच सहकारी आमदारांना सांगतोय की जिल्ह्याच्या कारभारात तुम्ही बसू नका. नगरपालिका जवळून पाहिलेल्यालाच हे सुचतं, कारण वरचा नेता शेजारी येऊन बसला की खालचा अध्यक्ष कसा मुका होतो ते त्यानं पाहिलेलं असतं. पुढे साठ-सत्तरच्या दशकात ग्रामीण महाराष्ट्रातून नेत्यांची जी फळी वर आली, तिची शाळा या जिल्हा परिषदाच होत्या. तुमच्या जिल्ह्यातलीच नावं तुम्ही माझ्यापेक्षा जास्त सांगू शकाल.

आता रोजगार हमी. कल्पना पागे यांचीच. ते विधान परिषदेचे सभापती होते, साठच्या दशकात त्यांनी तासगाव तालुक्यात प्रयोग करून दाखवला होता, आणि योजनेचे जनक म्हणून त्यांचंच नाव घेतलं पाहिजे. माझ्या लेखातही तेच नाव आहे. पण बहात्तरच्या दुष्काळात काय झालं ते आमच्या घरात माहीत आहे, म्हणून थोडं तपशिलात सांगतो.

माझी आई तेव्हा सोळा-सतरा वर्षांची. गावाजवळ पाझर तलावाचं आणि रस्त्याचं काम निघालं होतं, ती खडीवर होती. खडी फोडायची आणि तिचा ढीग चौकोनी, चारी बाजूंनी सारखा लावायचा. ओव्हरसियर येऊन टेपनं लांबी, रुंदी, उंची मोजायचा आणि किती ब्रास (खडी मोजायचं घनमाप) भरली त्यावर मजुरी. ढीग लावताना मध्ये पोकळी ठेवली तर त्याच्या लक्षात येई, मग तो काठी खुपसून पाही आणि सगळा ढीग पुन्हा रचायला लावी. मातीकामावर खड्ड्यात मध्ये एक मातीचा उंचवटा तसाच ठेवायचा, म्हणजे खोली मोजता येते. हजेरी मस्टरवर, अंगठा उठवला की पगार. लहान पोरांना सुकडी मिळे. घरी मिलोची, म्हणजे अमेरिकेहून आलेल्या ज्वारीची, लाल भाकरी, जी कुणालाच आवडत नसे. मजुरी उशिरा आली तर बाया मुकादमाला घेराव घालत. आईच्या उजव्या हाताच्या बोटावर हातोडीचा वण शेवटपर्यंत होता. त्या वर्षी आमच्या गावातली जनावरं गेली. भुकेनं माणूस गेला नाही.

हे आपोआप होत नाही. मे १९७३मध्ये राज्यात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. राज्याची लोकसंख्या तेव्हा पाच कोटींच्या आसपास, म्हणजे दहातला एक माणूस सरकारी मस्टरवर. कामं आधी आखून ठेवावी लागतात, हत्यारं लागतात, मोजणारे लोक लागतात, आठवड्याला रोख पैसा तालुक्याला पोचवावा लागतो आणि आणेवारी (पीक किती आलं याचा सरकारी अंदाज) लावताना हात आखडता घेणाऱ्या अधिकाऱ्याला वरून कुणीतरी सांगावं लागतं की लाव. आणेवारी म्हणजे काय आणि ती कुठे दाबली जाते हे ज्याला मुंबईत बसून शिकवावं लागत नाही, असा माणूस त्या वेळी मुख्यमंत्री होता. पागे यांच्याकडे कल्पना होती. यंत्रणा, पैसा आणि हुकूम नाईकांकडे होता, आणि त्यांनी तो वापरला. दुसऱ्याची चांगली कल्पना आपली समजून राबवणं हे मुख्यमंत्र्याचं कामच आहे. त्याचं श्रेय काढून घेतलं तर कुठल्याच मुख्यमंत्र्याकडे काही उरणार नाही, यशवंतरावांकडेही नाही.

शनिवारवाड्याच्या घोषणेवर मी तुमच्या बाजूचा आहे. दोन वर्षांत राज्य अन्नधान्यात स्वयंपूर्ण झालं नाही तर मला इथे फाशी द्या, अशा अर्थाचं ते बोलले. दोन वर्षांत काय, बहात्तरलाही आपण स्वयंपूर्ण नव्हतो, नाहीतर अमेरिकेची मिलो कशाला खाल्ली असती? असं मुदत घालून बोलणं चूक होतं आणि आजही त्यांचे चाहते ते वाक्य अभिमानानं सांगतात, त्याचं मला वाईट वाटतं. कारण त्यामुळे खरं काम झाकलं जातं. संकरित ज्वारी शास्त्रज्ञांनी दिली, बरोबर. पण पहिली संकरित ज्वारी खाल्लेल्या कुणाही म्हाताऱ्याला विचारा, लोक तिला नावं ठेवत होते. भाकरीला चव नाही, कडबा आखूड, जनावर तोंड लावत नाही. ती शेतात जावी यासाठी राज्यभर खतं, कर्ज, कृषी सहायक हे सगळं उभं करावं लागलं. राहुरी, अकोला, दापोली, परभणी ही चारही कृषी विद्यापीठं १९६८ ते १९७२ या काळातली. आमच्या परभणीसाठी लोकांना रस्त्यावर उतरावं लागलं, हेही खरं. मागितल्याशिवाय दिलं असतं तर जास्त शोभलं असतं.

शिवसेनेबद्दल तुमचा आक्षेप मला खोडता येत नाही आणि खोडायचाही नाही. गिरणगावातल्या लाल बावट्याला शह म्हणून सेनेकडे कानाडोळा झाला. विरोधक तिला ‘वसंतसेना’ म्हणत ते उगाच नव्हे. १९७० साली लालबागचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला, १९७४च्या जानेवारीत वरळीला दंगल पेटली. गृहखातं कुणाकडे का असेना, सरकारचा प्रमुख म्हणून ही जबाबदारी नाईकांची आहे. खेड्याच्या नाडीवर बोट ठेवणाऱ्या या माणसाला मुंबई कधी आपली वाटली नाही, असं मला त्यांचा काळ वाचताना वाटत राहतं. बॅकबेच्या भरावावरचे भूखंड, नवी मुंबईसाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घेताना झालेला अन्याय, बहात्तरनंतरची महागाई आणि मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांचे लाटणं मोर्चे, या सगळ्यात सरकार मागे धावताना दिसतं. मूळ लेख त्यांच्या ग्रामीण कामावर होता म्हणून हे तिथे आलं नाही. इथे मुद्दाम लिहितोय.

विदर्भाचं मात्र तुम्ही एका वाक्यात उडवलंत तेवढं सरळ नाही. सिंचनात विदर्भ मागे पडत गेला आणि उसाला जसं पाणी आणि भांडवल मिळालं तसं कापसाला मिळालं नाही, हे दिसतंच. आणि त्याला अकरा वर्षं मुख्यमंत्री असलेला वऱ्हाडचा माणूस जबाबदार नाही असं कोण म्हणेल? पण कापूस एकाधिकार खरेदी, म्हणजे कापूस फक्त सरकारनंच विकत घेण्याची १९७२ची योजना, त्यांचीच होती आणि ती कापूसवाल्यांसाठीच होती. जिनिंगवाले व्यापारी आणि दलाल यांच्या हातून शेतकरी सुटावा, हा हेतू. अंमलबजावणीत ती रडतखडत चालली. केंद्रांवर गाड्यांच्या रांगा, ग्रेडरची मर्जी आणि चुकाऱ्यांसाठी महिनोन्‌महिने थांबणं. तरीही ही खरेदी पुढे बंद होताना वऱ्हाडातलाच शेतकरी विरोधात उभा राहिला. योजना निकामी असती तर तो कशाला भांडला असता?

राहिला जातीचा मुद्दा. मागे मोठी जात नव्हती म्हणून ते टिकले, असं तुम्ही लिहिता. त्याच वस्तुस्थितीकडे दुसऱ्या बाजूनंही बघा. तांड्यावरून आलेला, ज्याच्या समाजाला इंग्रजांच्या काळापासून संशयानं पाहिलं गेलं असा माणूस. १९४१ साली त्यानं वत्सलाबाई घाटे यांच्याशी आंतरजातीय लग्न केलं आणि दोन्हीकडचा विरोध सोसला. त्याच्या नेतृत्वाखाली काँग्रेसनं १९६७ साली २७० पैकी २०३ जागा जिंकल्या, ज्या वर्षी उत्तरेत आणि मद्रासमध्ये काँग्रेसची सरकारं कोसळत होती. १९७२ला हा आकडा २२२वर गेला. मधे १९६९ला पक्ष फुटला. हे सगळं कुणाच्या तरी मेहेरबानीवर निभत नाही.

आणि खुर्ची गेल्यावर कुणी विचारलं नाही, हे तर घडलेलंच नाही. फेब्रुवारी १९७५मध्ये दिल्लीच्या मनातून उतरल्यावर त्यांना जावं लागलं आणि शंकरराव चव्हाण आले. त्यानंतर दोन वर्षांनी, आणीबाणी शिथिल झाल्यावर, १९७७ची लोकसभा निवडणूक झाली. देशभर काँग्रेसचा धुव्वा उडाला, खुद्द इंदिरा गांधी रायबरेलीत पडल्या. त्या निवडणुकीत नाईक वाशीममधून उभे राहिले. हातात सत्ता नव्हती, पाठीशी यशवंतरावांची पूर्वीची वट राहिली नव्हती. लोकांनी त्यांना निवडून दिलं.