२५२० : चमत्कार कसला, लसावि आहे तो!

व्हॉट्सॲपवर एक फॉरवर्ड अधूनमधून उगवतो. मजकूर साधारण असा: १ ते १० या सगळ्यांनी निःशेष भाग जाईल अशी संख्या असूच शकत नाही, असं जगभरचे गणिती मानत होते, रामानुजन यांनी २५२० शोधली, अशी ती एकमेव, आणि तिचं गुपित म्हणजे आठवड्याचे ७ दिवस × महिन्याचे ३० दिवस × वर्षाचे १२ महिने. शेवटी हात जोडलेले इमोजी.

२५२० ला १ ते १० या सगळ्यांनी भाग जातो, हे खरं. बाकीचं एकेक बघू.

गणिती हे अशक्य मानत होते? १ ते १० नुसते एकमेकांशी गुणले तरी ३६,२८,८०० येतात आणि त्यांना या दहांनीही भाग जातोच. त्यातली सर्वांत लहान संख्या काढायची रीत युक्लिडने इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास लिहून ठेवली आहे. शाळेत आपण या सर्वांत लहान संख्येलाच लसावि म्हणतो. प्लेटो तर त्याच्याही आधीचा. त्याने आदर्श नगरात ५०४० कुटुंबं असावीत असं सुचवलं, कारण ५०४० ला १ ते १० ने भाग जातो आणि वाटण्या सोप्या होतात. ही २५२० ची बरोबर दुप्पट.

‘एकमेव’ तर मुळीच नाही. ५०४०, ७५६०, १००८०... २५२० ची अख्खी पाढ्याची रांग चालते. ‘सर्वांत लहान’ म्हटलं असतं तर वाद नव्हता.

आता कॅलेंडर. ७ × ३० × १२ = २५२०, गुणाकार चोख आहे. पण खरं कारण वेगळं. ८ साठी २ तीनदा लागतो, ९ साठी ३ दोनदा, शिवाय एक ५ आणि एक ७. झालं: ८ × ९ × ५ × ७. बाकीच्या ६ आणि १० वगैरेंना यातूनच भागतं. १० काढून टाकला तरी लसावि २५२० च राहतो. ३० × १२ मध्ये ८ × ९ × ५ आयते मिळतात, कमी पडतो तो ७ आठवडा पुरवतो. महिना ३१ दिवसांचा धरा: २६०४ येतात, ५, ८, ९ आणि १० नापास. वर्षाचे खरे ३६५ दिवस घ्या: ७ × ३६५ = २५५५, ज्यांना २ नेसुद्धा भाग जात नाही!

राहिले रामानुजन. त्यांच्या नावाशी जोडलेली टॅक्सीवाली संख्या १७२९ (त्यांना भेटायला आलेल्या गणिती हार्डींच्या टॅक्सीचा नंबर). बहुधा तिथूनच हा गोंधळ झाला असावा. २५२० त्यांनी ‘शोधली’ नाही, पण तिचा त्यांच्या कामाशी संबंध आहे, आणि तो फॉरवर्डपेक्षा कितीतरी रंगतदार आहे. आपल्याहून लहान कुठल्याही संख्येपेक्षा जास्त विभाजक असणाऱ्या संख्यांवर त्यांनी १९१५ मध्ये दीर्घ निबंध लिहिला. २५२० त्यातलीच. तिचे मूळ अवयव २³ × ३² × ५ × ७, म्हणून प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणलं की विभाजक ४ × ३ × २ × २ = ४८. घातांक बघा: ३, २, १, १. अशा संख्यांत ते डावीकडून उजवीकडे कधी वाढत नाहीत, आणि ४ व ३६ सोडता शेवटचा घातांक नेहमी १ असतो.

हा ४८ चा विक्रम मोडायला थेट दुपटीपर्यंत, म्हणजे ५०४० पर्यंत जावं लागतं. तिचे विभाजक ६०. विक्रम असा दुपटीपर्यंत टिकवणाऱ्या संख्या साऱ्या सातच: १, २, ६, १२, ६०, ३६० आणि २५२०.