लिपस्टिक संपवायची मुदत

जर्मनीत, स्टुटगार्टमधल्या माझ्या ऑफिसात जानेवारीत जेवणाच्या सुट्टीत एक विषय हमखास निघतो: यंदा कोण काय संपवणार. विषय मेकअपचा. आपल्या साठ्यातल्या दहा वस्तू निवडायच्या, त्यांना तीन महिने, सहा महिने किंवा सबंध वर्षाची मुदत घालायची आणि त्या संपेपर्यंत नवीन काही घ्यायचं नाही. याला ‘प्रोजेक्ट पॅन’ म्हणतात. ब्लश, पावडर, आयशॅडो पत्र्याच्या ज्या छोट्या ताटलीत दाबून भरलेली असते ती पॅन. ब्रश फिरवून फिरवून मधला पत्रा दिसायला लागला की निम्मी मजल मारली. फाउंडेशनच्या बाटलीवर मार्करने पातळीची रेघ मारतात, महिन्याने तिच्याखाली दुसरी. पावडरची डबी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवून ग्रॅम लिहून ठेवणाऱ्याही आहेत. कुणी वर्षभर एकच मोठं, अनेक रंगांचं पॅलेट वापरते, तर कुणी चिठ्ठ्या टाकते आणि जी वस्तू निघेल ती महिनाभर लावते.

माझ्या पुण्याच्या भाचीने गणपतीनंतर हेच सुरू केलं. दिवाळीपर्यंत दहा वस्तू संपवायच्या, तोवर खरेदी बंद. तिने घरच्या ग्रुपवर दहा डब्यांचा फोटो टाकला आणि वाद पेटला. मामांचं म्हणणं, ‘पेस्टची ट्यूब लाटण्याने दाबून शेवटचा थेंब काढणारी माणसं आपण. आपल्याला परदेशातून काटकसर शिकायची वेळ आली का?’ वहिनीचा मुद्दा वेगळा: बाईने दोन लिपस्टिका घेतल्या की सगळ्यांना हिशेब हवा असतो, नवऱ्याच्या तिसऱ्या हेडफोनबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. चुलतभाऊ म्हणाला की दहा डब्या संपवून पृथ्वी वाचत नसते, हा सगळा मनाचा खेळ. शेवटी भाचीने मला विचारलं, ‘मावशी, तू तिकडे बघतेस ना हे सगळं, तूच सांग.’ चौघांनाही नीट उत्तर द्यावं असं वाटलं म्हणून हा लेख.

मामांच्या पिढीपुरतं त्यांचं म्हणणं सोळा आणे खरं आहे. आरशापुढे एक पावडरचा डबा, काजळाची डबी, कुंकवाचा करंडा, फार तर एक स्नो. संपलं की नवीन, आणि तेही वाण्याच्या यादीत शेवटी. पण त्याच घरातलं आजचं कपाट उघडून बघा. साड्यांच्या घड्यांमागे परदेशातून आलेल्या भेटी रचून ठेवलेल्या असतात: परफ्यूम, क्रीम, सील न काढलेल्या लिपस्टिका. इथून निघणाऱ्या जवळपास प्रत्येक मराठी माणसाच्या बॅगेत चॉकलेटांच्या शेजारी हा माल असतो. तो मिळतो तेव्हा कौतुक होतं आणि मग ‘चांगला आहे, ठेवून देते, कार्याला लावीन’ म्हणून आत जातो. कार्य येतं तेव्हा ब्युटीशियन तिचा मेकअप घेऊन येते. माझ्या मावशीने अशी एक जपून ठेवलेली लिपस्टिक गेल्या मे महिन्यात नागपुरात उघडली, तर टोकावर तेलाचे बारीक थेंब जमले होते आणि जुन्या खोबरेलासारखा खवट वास येत होता. विदर्भातल्या उन्हाळ्यात बंद कपाटातला मेणा-तेलाचा पदार्थ किती तग धरणार? तिने ती एकदाही लावली नव्हती.

म्हणजे आपल्याकडे एक जुनी सवय आहे, जपून ठेवण्याची. आता तिच्या जोडीला नवी आली आहे, मागवत राहण्याची. जर्मनीत या आव्हानाचा रोख फक्त दुसऱ्या सवयीवर आहे. महाराष्ट्रात ते दोन्हींवर चालतं, आणि म्हणून माझ्या मते त्याची गरज इथल्यापेक्षा तिथे जास्त आहे. मुदत घातली की चांगली लिपस्टिक साध्या मंगळवारी भाजी आणायला जातानाही लावावी लागते. भाचीच्या आईने तिच्याबरोबर एक वस्तू संपवायला घेतली आहे: लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला मिळालेली गडद मरून लिपस्टिक. भाचीची आई आता रोज ती लावून बँकेत जाते. मला या सगळ्या प्रकारातली ही सर्वांत मोठी कमाई वाटते.

आता थोडं गणित, कारण त्याशिवाय मुदत म्हणजे नुसती हौस. एका लिपस्टिकमध्ये साधारण साडेतीन ग्रॅम माल असतो. एकदा ओठांवर लावायला सरासरी दहा मिलिग्रॅमच्या आसपास लागतो. म्हणजे एक कांडी सुमारे ३५० वेळा पुरते. दिवसातून दोनदा लावली तरी जवळपास सहा महिने एकच लिपस्टिक चालते. दहा असतील तर पाच वर्षं. आणि उघडल्यानंतर बहुतेक लिपस्टिका दीड-दोन वर्षांतच वापरायच्या असतात. युरोपीय संघाच्या २००९ च्या सौंदर्यप्रसाधन नियमानुसार ३० महिन्यांपेक्षा जास्त टिकणाऱ्या वस्तूवर झाकण उघडलेल्या डबीचं छोटं चित्र छापावं लागतं आणि त्यात आकडा, ‘१२ एम’ किंवा ‘२४ एम’. उघडल्यापासून तितके महिने. भारतात वेष्टनावर ‘यूज बिफोर’चा महिना आणि वर्ष असतं, पण ती तारीख तुम्ही डबी कधी उघडली हे विचारत नाही. फाउंडेशनचं बघा: बाटली ३० मिलिलिटरची. एका वेळी अर्धा मिलिलिटर धरला तर साठ दिवस, म्हणजे रोज लावणाऱ्या बाईला दोन महिन्यांत संपवता येते. ब्लशचं मात्र वेगळंच. चार-पाच ग्रॅमची डबी वर्ष-दीड वर्ष हलत नाही, कारण ब्रशला लागतो तो निव्वळ रंगाचा धूर. पंचविशीतल्या ज्या मुलीकडे सात ब्लश आहेत तिच्याकडे पस्तिशीपर्यंतचा साठा आहे. ही गणितं दुकानात कुणी सांगत नाही. चार महिने रोज एकच डबी वापरून बघितली की ती हातालाच कळतात, आणि एकदा कळली की आठव्या ब्लशकडे हात जात नाही. काटकसरीवर शंभर भाषणं ऐकून जे होत नाही ते इथे होतं.

जर्मनीचं कौतुक करायला मी बसलेले नाही. इथेही प्रसाधनांच्या दुकानात दोन-तीन युरोत लिपस्टिक मिळते, कॉफीइतक्या किमतीत, आणि नाताळाआधी चोवीस खिडक्यांचे मेकअप कॅलेंडर विकायला येतात. रोज एक खिडकी उघडायची, रोज एक छोटी वस्तू. चोवीसातल्या किती मनाजोग्या निघणार? जानेवारीतली ती आव्हानं बऱ्याच अंशी डिसेंबरमधल्या या खिडक्यांमुळेच जन्माला येतात. पण दोन गोष्टी इथे मदतीला आहेत. रविवारी दुकानं बंद असतात; रविवारच्या विश्रांतीला इथल्या राज्यघटनेचंच संरक्षण आहे. ऑनलाइन मागवता येतं, पण हातात पडायला सहसा एक-दोन दिवस जातात. दुसरी गोष्ट पिवळ्या पिशवीची. वेष्टनांचा कचरा वेगळा टाकायची ही व्यवस्था १९९१ पासून, उत्पादकांच्या पैशावर चालते, आणि तिचा नियम असा की डबी रिकामी असेल तरच ती पिवळ्या पिशवीत. अर्धी भरलेली क्रीमची बरणी साध्या कचऱ्यात जाते, म्हणजे जाळायला. संपवण्याला इथे रोजच्या कचऱ्याच्या डब्यापाशीच किंमत आहे.

पुण्या-मुंबईत याच्या बरोब्बर उलट चाललंय. दहा मिनिटांत काजळ दारात. रात्री साडेअकराला रील बघताना एखादा रंग आवडला तर तो पसंत पडणं आणि पैसे कापले जाणं यांच्यामध्ये झोपेची एक रात्रही येत नाही. त्यात सणांचे सेल, दोनावर एक फुकट, अमुक रकमेवर डिलिव्हरी मोफत. अशा ठिकाणी ‘मन आवर’ हा सल्ला मला अपुरा वाटतो. कॅलेंडरवर लिहिलेली तारीख जास्त कामाची, कारण साडेअकराला मनाशी वाद घालावा लागत नाही. उत्तर आधीच ठरलेलं असतं.

वहिनीच्या मुद्द्याला मी मनापासून दुजोरा देते. बाईच्या नटण्याला उधळपट्टी म्हणायची आपल्याकडे जुनी खोड आहे, आणि सासूबाईंनी सुनेची पेटी तपासायचं नवं निमित्त म्हणून हे आव्हान वापरलं गेलं तर मी त्याच्या विरोधात उभी राहीन. पण बाहेरून लादलेला हिशेब आणि आपण आपला मांडलेला हिशेब यांत फार अंतर आहे. भाचीला कुणी सांगितलं नव्हतं. ती रोज नटते, पूर्वीपेक्षा जास्त नटते, आणि पैसे तिच्या खात्यात राहतात. वहिनी, हेडफोनांनाही मुदत घालू या की. मला आनंदच होईल.

चुलतभावाला एवढंच सांगेन की पृथ्वीचं राहू दे, पुण्यातला आपला कचरा बघ. ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचक ताई घरोघरी येतात आणि कचरा हातांनी निवडतात. आरसा, लोहचुंबक, पत्रा आणि तीन प्रकारचं प्लास्टिक एकत्र चिकटवलेला कॉम्पॅक्ट, म्हणजे पावडरची चपटी डबी, त्यांच्याही उपयोगाचा नसतो, भंगारवालाही घेत नाही. फुटलेल्या आरशाची काच मात्र त्यांच्याच बोटांत जाते. असे दहा कॉम्पॅक्ट कमी विकत घेतले तर त्याचा फायदा कुणाला, हे फार लांब शोधायला नको.

या आव्हानातलं जे मला पटत नाही तेही सांगते. तळ लवकर दिसावा म्हणून पावडरमध्ये एकाच जागी ब्रश घासून भोक पाडतात; त्याने फोटो चांगला येतो, वस्तू तेवढीच राहते. मुदत जवळ आली की फाउंडेशन दुप्पट थापतात. आणि दहा वस्तू संपल्या की बक्षीस म्हणून पंधरा आणतात, मग सगळं मुसळ केरात. डोळ्यांच्या वस्तूंना तर ‘संपवलीच पाहिजे’ हा नियम लावूच नये. मस्कारा उघडल्यापासून तीनेक महिन्यांत टाकून द्यायचा असतो, कारण ओल्या ब्रशवर जंतू वाढतात. वाळलाय म्हणून पाणी किंवा थुंकी लावून पुरवणं म्हणजे डोळ्यांशी खेळ. यादी करताना मी आधी वास घेऊन, रंग आणि तारीख बघून बिघडलेलं बाजूला काढते. तिथे हळहळायचं नाही. मग ओल्या वस्तू आधी, कोरड्या नंतर, आणि दहाच्या जागी चार निवडल्या तरी चालतात.

भाचीला माझा एक सल्ला आहे. दिवाळीची मुदत चुकीच्या जागी आहे. दिवाळी आली की मुदत संपते आणि नेमके तेव्हाच सेल जोरात असतात. मुदत नवरात्रापासून संक्रांतीपर्यंत ठेव. नऊ दिवसांच्या नऊ रंगांना एखादं मोठं पॅलेट कामी येईल, दिवाळीची खरेदी आपोआप टळेल, तुळशीच्या लग्नानंतर खऱ्या लग्नांचा हंगाम आला की साठा झपाट्याने खाली येईल. आणि ज्या लिपस्टिकांचं सील अजून तुटलेलं नाही, ज्या तू कधीच लावणार नाहीस असं तुला आत्ताच माहीत आहे, त्यांच्यावरची तारीख तपासून संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून लुटून टाक. प्लास्टिकच्या डब्यांपेक्षा बायका त्याच आवडीने नेतील.