लकवा नव्हता तो

आमच्या बाबांच्या मृत्यूच्या नोंदीत कारण लिहिलंय 'लकवा'. लकवा नव्हता तो.

सुरुवात बंडीच्या गुंडीपासून झाली. ती लागेना. मग वेचणीच्या दिवसांत बोंडातला कापूस बोटांतून सुटू लागला. "हात काऊन असा सुकला जी तुमचा?" माय रोज विचारायची. अंगठ्याच्या बुडाशी मांस आटून खड्डा पडला होता. गावात महारोगाची कुजबुज झाली. पण कुष्ठरोगात हात बधिर होतो, आणि बाबांना चहाच्या कपाचा चटका नीट कळत होता. वर्षभर मानेच्या मणक्याची औषधं चालली. नागपूरला ईएमजी (स्नायू-नसांची विजेच्या लहरींवरून होणारी तपासणी) झाल्यावर मोटर न्यूरॉन डिसीज हे नाव कळलं, म्हणजे स्नायू हलवणाऱ्या चेतापेशीच मरत जाण्याचा आजार, तोवर पाण्याचा घोटही अडकत होता.

यवतमाळ जिल्ह्यात असे किती जण आहेत? मी बऱ्याच ठिकाणी विचारलं, आकडा कुणाकडेच नव्हता. स्कॉटलंडमध्ये १९८९ पासून या आजाराची देशभराची नोंदवही आहे. युरोपात वर्षाला लाखामागे साधारण २ नवे रुग्ण सापडतात. आपली लोकसंख्या तरुण, म्हणून तो दर निम्मा धरू. २०११ च्या जनगणनेत जिल्हा २७ लाखांचा. म्हणजे दरवर्षी पंचवीसेक माणसं! कुठे आहेत ती?

एका दिवसाच्या शिरगणतीत ती दिसणारच नाहीत. बहुतेक जण लक्षणं सुरू झाल्यापासून दोन ते पाच वर्षांत जातात. माणसं लवकर मरतात म्हणून यादी छोटी राहते, आणि यादी छोटी म्हणून आजार विरळ ठरतो. हे मला फार लागतं. नवे किती आले, किती गेले, दोन्ही वर्षानुवर्षं लिहावं लागेल. तेही गावातून, नागपूरच्या ओपीडीत पोचतो तो फक्त गाडीभाड्याची सोय झालेला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावोगाव बालमृत्यू मोजले, तेव्हा कुठे १९८८ चा, हजार जन्मांमागे १२१ अर्भकमृत्यू, हा आकडा समोर आला.

वेगळी यंत्रणा नको. कुष्ठरोग शोधमोहिमेत आशाताई दारोदार फिरतातच. हात वाळलाय पण बधिर नाही, बोलणं जड झालंय, जेवताना ठसका लागतो, एवढं विचारा. ती यादी दवाखान्यांच्या यादीशी ताडून पाहा. दोन्हीकडे किती नावं जुळतात, यावरून दोन्हीतून सुटलेल्यांचा अंदाज बांधता येतो.

बाबांचा हात सगळ्यांत आधी आमच्या आशाताईनेच पाहिला होता. चट्टा नाही, बधिरपणा नाही, म्हणून 'संशयित नाही' लिहून ती पुढच्या घरी गेली. तिचं काहीच चुकलं नाही. तिच्या कागदावर पुढचा रकानाच नव्हता.