न घेतलेल्या विम्याचा दंड: परभणीहून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, हे कबूल करतो. दुसऱ्यांदा वाचताना वाटलं की माणूस तिखट बोलतोय, पण बऱ्याच ठिकाणी बरोबर बोलतोय. म्हणून उत्तराला चार दिवस लागले.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत ओबामांच्या 2010 च्या कायद्याने आरोग्य विमा सक्तीचा केला. न घेणाऱ्याला 2014 पासून कर भरताना दंड होता. 2017 च्या डिसेंबरात झालेल्या कर कायद्याने तो दंड 2019 पासून शून्यावर आणला. मी लिहिलं होतं की दंड काढला तिथेच सगळा डोलारा कोसळला, आणि आपल्याकडेही कधीतरी अशी सक्ती आणावीच लागेल. गाडीचा थर्ड पार्टी विमा आपण भरतोच की. त्यावर तुमचं म्हणणं असं. एक, गाडी विकता येते, शरीर विकता येत नाही, तेव्हा ही तुलना फसवी आहे. दोन, ज्याला हप्ता परवडत नाही त्यालाच दंड म्हणजे उपाशी माणसाला जेवला नाहीस म्हणून काठी. आणि तीन, "पेन्शन खाणाऱ्या बँकवाल्याला सक्तीचं कौतुक असणारच."

तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण तेच जास्त लागलं.

मी 2019 ला निवृत्त झालो. त्याआधी बरीच वर्षं लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या शाखेत पीक कर्जाचं टेबल माझ्याकडे होतं. प्रधानमंत्री पीक विमा योजना 2016 च्या खरिपापासून आली, आणि 2020 च्या खरिपात ऐच्छिक होईपर्यंत कर्जदार शेतकऱ्याला ती सक्तीची होती. सक्तीची म्हणजे शेतकऱ्याला कुणी काही विचारायचं नाही. मुदतीच्या आत आम्ही त्याच्या खात्याला हप्ता नावे टाकायचो आणि यादी कंपनीकडे पाठवायचो. सोयाबीनला हेक्टरी चाळीस-बेचाळीस हजारांचं संरक्षण, शेतकऱ्याचा वाटा दोन टक्के, म्हणजे हेक्टरी आठशेच्या वर रुपये. बाकीचा हप्ता केंद्र आणि राज्य मिळून भरायचे.

एक म्हातारे शेतकरी यायचे. पासबुक छापून घ्यायचे, काउंटरच्या काचेवर सपाट पसरायचे आणि त्या ओळीवर बोट ठेवायचे. "सायेब, हे पैसे कामून कापलाव?" मी म्हणायचो, विमा आहे काका. "म्या मागितला व्हता का?" मी म्हणायचो, सक्ती आहे. त्यावर एकदा ते म्हणाले, "मग नुकसान झाल्यावर पैसे द्यायची बी सक्ती हाय का त्या कंपनीला?" मी हसलो होतो.

2018 ला पावसाने खंड दिला. त्यांच्या बांधाला लागून ज्यांची शेतं, त्यांच्या खात्यात भरपाई आली, काकांच्या नाही. शोधलं तर चूक माझ्याच टेबलावरची निघाली. त्याच नावाचं गाव दुसऱ्या तालुक्यात आहे, आणि संगणकाच्या यादीतून मी ते निवडलं होतं. पावसाच्या खंडाने पीक गेलं तर या विम्यात तुमचं एकट्याचं शेत कुणी बघत नाही; महसूल मंडळात, म्हणजे काही गावांच्या गटात, निवडक शेतांवर पीक कापणी प्रयोग होतात, मंडळाचं सरासरी उत्पन्न आधीच्या वर्षांवरून ठरवलेल्या उंबरठा उत्पन्नाच्या खाली गेलं तरच पैसे. त्या दुसऱ्या मंडळात ते गेलं नव्हतं. म्हणजे काकांनी हप्ता भरला तो न पाहिलेल्या गावाच्या पावसावर. मी तीन पत्रं लिहिली. मी निवृत्त झालो तोवर पैसे आले नव्हते.

तेव्हा सक्तीचं कौतुक मला नाही हो. सक्ती काय असते ते मी काचेच्या आतल्या बाजूने पाहिलंय, आणि मूळ लेख लिहिताना नेमकं तेच विसरलो, एवढा दोष माझा.

आता पहिला मुद्दा. गाडीची तुलना मी मागे घेतो. थर्ड पार्टी विमा हा मी ज्याला धडकेन त्याच्यासाठी असतो, माझ्यासाठी नव्हे. म्हणून तो नसेल तर पहिल्या वेळी 2 हजार, पुन्हा सापडलात तर 4 हजार दंड, हे पटतं. आरोग्य विमा माझ्या स्वतःच्या देहाचा. हाच वाद अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात 2012 ला झाला. न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी सुनावणीत विचारलं होतं की असंच असेल तर उद्या सरकार लोकांना ब्रोकोलीही विकत घ्यायला लावेल का. (आपल्याकडे शेपूची भाजी म्हटलं असतं तर निम्मी जनता त्यांच्या बाजूने उभी राहिली असती.) निकाल पाच विरुद्ध चार असा लागला. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी म्हटलं, व्यापार नियमनाच्या अधिकारात सरकार कुणाला विमा घ्यायला भाग पाडू शकत नाही. पण न घेणाऱ्याकडून जे पैसे घेतले जातात तो कर मानता येतो, आणि कर लावायचा अधिकार सरकारला आहे. नाव बदललं, पावती तीच. तुमच्या मुद्द्यातलं अर्धं त्या कोर्टाने मान्य केलं होतं, हे मी लेखात लिहायला हवं होतं.

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र थोडं थांबा. तो दंड सरसकट नव्हता. 2016 ला प्रौढ माणसामागे 695 डॉलर किंवा उत्पन्नाच्या अडीच टक्के, यातलं जे जास्त ते. पण कर विवरण भरण्याइतकंही उत्पन्न नसलेल्याला माफी होती. सगळ्यात स्वस्त विमाही उत्पन्नाच्या साधारण आठ टक्क्यांच्या वर जात असेल तर माफी होती. 2015 सालासाठी सुमारे 65 लाख करदात्यांनी दंड भरला, आणि सुमारे 1 कोटी 27 लाखांनी माफी घेतली. वसुलीही मवाळ होती: जप्ती नाही, फौजदारी नाही, फार तर कराचा परतावा येणार असेल तर त्यातून वळता. आमच्या बँकेच्या वसुली अधिकाऱ्याने हे वाचलं असतं तर त्याला झीट आली असती.

मग दंड होता कशासाठी? तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यांसाठी. त्या कायद्याने कंपन्यांना बजावलं होतं की आजारी माणसाला नाही म्हणायचं नाही आणि आजारासाठी जादा हप्ताही लावायचा नाही. असं असेल तर धडधाकट माणूस म्हणेल, दुखायला लागल्यावर घेऊ. मग विम्यात आजारीच उरतात, हप्ता वाढतो, उरलेल्यांतले धट्टेकट्टेही बाहेर पडतात, हप्ता आणखी वाढतो. ही नुसती पुस्तकी भीती नव्हे. वॉशिंग्टन राज्याने 1993 ला असा कायदा केला, 1995 ला त्यातली सक्ती काढली पण कंपन्यांवरची बंधनं बरीचशी ठेवली, आणि 1999 पर्यंत तिथे स्वतःपुरता नवा विमा घ्यायला जवळजवळ कुठेच कंपनी उरली नव्हती. मॅसॅच्युसेट्स राज्याने 2006 ला सक्ती आणि हप्त्यातली सवलत दोन्ही एकत्र आणली, ते टिकलं.

या उदाहरणांवर मी 'डोलारा कोसळला' असं ठोकून दिलं. तुम्ही विचारलंत, कुठे कोसळला? तपासलं. नाही कोसळला. 2019 ला दंड शून्य झाला, काही लोक गळाले, पण बाजार उभा राहिला. कारण हप्त्यात सरकारची सवलत होती, आणि ती उत्पन्नाला बांधलेली होती: कंपनीने हप्ता वाढवला तरी कमी उत्पन्नवाल्याच्या खिशातून जाणारी रक्कम फारशी हलत नव्हती, वाढ सरकार सोसत होतं. कॅलिफोर्निया, न्यू जर्सी अशा काही राज्यांनी पुढे आपापला दंड लावला, तो भाग वेगळा. पण माणसं विम्यात राहतात ती मुख्यतः हप्ता झेपतो म्हणून, हे मान्य करावं लागतं. आपल्याकडेही तेच दिसलं. पीक विमा ऐच्छिक झाला, मग 2023 ला राज्याने तो एक रुपयात दिला, तेव्हा अर्जांचा पूर आला. त्यात बोगस अर्जही निघाले, आणि 2025 ला ती योजना गुंडाळली. पण गर्दी दंडामुळे झाली नव्हती.

तर दंडाबाबत तुमचं पारडं जड आहे. जिथे तुमचं पटत नाही ते वाक्य हे: "माझं शरीर, माझं दुखणं, माझं मी बघीन."

तुम्ही बघत नाही. भावकी बघते.

मागच्या वर्षी माझ्या साडूच्या मुलाला रात्री छातीत कळ आली. वय चौतीस, स्वतःचं छोटं दुकान, विमा नाही. राज्य सरकारची महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे ना, असं तुम्ही लिहिलंय. आहे, आणि चांगली आहे. दीड लाखाचं संरक्षण आता पाच लाखांवर गेलंय आणि पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही मिळतंय. पण ती यादीतल्या दवाखान्यात, यादीतल्या उपचारांना. रात्री दोन वाजता जो दवाखाना जवळ होता तो यादीत नव्हता. बिल झालं तीन लाख चाळीस हजार. पोरगा वाचला.

नंतर त्यांच्या घरी गेलो तेव्हा साडूंनी एक वही दाखवली. पहिल्या पानावर हळदकुंकवाची बोटं. थोरल्या मुलीच्या लग्नातली आहेराची वही. तीच उलटी धरून मागच्या पानांपासून त्यांनी दवाखान्याचा हिशेब लिहिला होता. पुढून आहेर, मागून उसनवारी. चुलतभावाने चाळीस हजार दिले, त्यासाठी त्याने दिवाळीआधीच मिळेल त्या भावाने सोयाबीन आडतीला घातलं. सुनेच्या पाटल्या गहाण, त्यापुढे सराफाचं नाव नाही, नुसता आकडा आणि तारीख. एका विधवा आत्याचे पाच हजार. मी दिले ते पंचवीस हजारही तिथे होते, माझ्या नावापुढे 'राव' लावून.

विमा न घेतल्याचा दंड आपल्याकडे आहेच, एवढंच मला म्हणायचंय. फक्त तो कायद्यात लिहिलेला नाही, त्याला माफीची यादी नाही, आणि तो आत्याकडूनही वसूल होतो.

याच्यावर उपाय म्हणून उद्या दंड लावा, असं मी आता म्हणत नाही. आपल्याकडच्या कंपन्या आधीच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकतात, प्रस्ताव नाकारूही शकतात. दार बंद ठेवून आत का आला नाहीस म्हणून दंड करणं हे तुमच्या काठीहून वाईट. ज्यांच्या पगारातून कर्मचारी राज्य विम्याचे (ESI) पाऊण टक्का कापले जातात ते कुरकुरत नाहीत, कारण मालक सव्वातीन टक्के घालतो आणि कार्ड दाखवलं की काहीतरी मिळतं. पण तो कायदा 21 हजारांपर्यंत पगार असणाऱ्यांचा, कारखान्या-दुकानातल्यांचा. आपल्या बीडचा कोयता, म्हणजे ऊसतोडीला जाणारं नवरा-बायकोचं जोडपं, कुठल्या मस्टरवर असतं? तिथे तर तापाने एक दिवस फडात गेलं नाही की मुकादम खाडा लावतो, म्हणजे आजारी पडल्याचाच दंड. त्या जोडप्याला हप्ता सांगायला जाणारा माणूस मी तरी होणार नाही.

मूळ लेखात तीन बदल केलेत. गाडीची तुलना काढली. 'डोलारा कोसळला' या वाक्याखाली चूक कबूल करणारी टीप टाकली. आणि आपल्याकडच्या सक्तीबद्दलचा शेवटचा परिच्छेद खोडला. तुमची प्रतिक्रिया मात्र जशीच्या तशी ठेवलीय, 'पेन्शन खाणारा' यासकट. तो शब्द तरी काढू का म्हणून बायकोला विचारलं होतं. ती म्हणाली, खोटं काय लिहिलंय त्यात?