‘काही न सांगता टायर बसवले’ या रिव्ह्यूला दुकान मालकाचं उत्तर

नमस्कार साहेब. तुमचा रिव्ह्यू काल रात्री साडेअकराला पुतण्यानं मोबाईलवर दाखवला, तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. पहिलं म्हणजे तुम्हाला आणि मॅडमना काही लागलं नाही हे वाचून जिवात जीव आला. दुसरं, गाडीचा बंपर गेला, भर पावसात घाटात तीन तास उभं राहावं लागलं, त्याबद्दल दुकानातर्फे मनापासून सॉरी. दुकानात सव्वादोन तास थांबावं लागलं त्याचंही सॉरी, त्या दिवशी लाईट दोनदा गेली आणि आमची मशीन इन्व्हर्टरवर चालत नाही.

आता बाकीचं बोलतो. ज्यांनी रिव्ह्यू वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, साहेबांचं म्हणणं असं की आमच्याकडं दोन नवीन टायर टाकले, तिसऱ्या दिवशी यवतेश्वर घाटात पावसात गाडी गर्रकन फिरली आणि कठड्याला लागली, स्पोर्ट मोडला होती पण स्पीड फक्त ४० होता, म्हणजे टायर जुन्या स्टॉकचे नाहीतर डुप्लिकेट, आणि आम्ही "काही न सांगता" बसवून पैसे घेतले. एक स्टार. गाडीचं नाव मी घेत नाही, साताऱ्यात अशा दोन सीटच्या मोजून तीन-चार आहेत, लगेच कळंल कुणाची ते.

जुन्या स्टॉकचं लगेच संपवतो. टायरच्या बाजूला डीओटी म्हणून लिहिलेलं असतं, त्यातले शेवटचे चार आकडे बघा. तुमच्या पुढच्या दोन्ही टायरवर ०९२५ आहे, म्हणजे २०२५ चा नववा आठवडा. बसवले जुलैत. एवढा टायर जुना म्हणत असाल तर ताजा टायर कारखान्याच्या दारातच घ्यावा लागंल. मागच्या टायरवर काय आहे ते पण वाचा, ते आम्ही बसवलेले नाहीत. ३११८. सात वर्षांचं रबर, नख दाबलं तरी रुतत नाही.

मला लागलं ते "काही न सांगता" हे. बाकी सगळं सोडून दिलं असतं, धंद्यात चालतं, पण हे नाही.

साहेब, गुरुवारी अकराच्या सुमारास गाडी लिफ्टवर घेतली. खाच किती खोल उरलीय ते मोजायचं गेज पोराच्या हातात न देता मी स्वतः लावलं, कारण अशी गाडी आपल्याकडं रोज येत नाही. मागचा डावा टायर, बाहेरच्या कडेला ३.१ मिलीमीटर, मध्ये २.४, आतल्या कडेला १.८. या गाड्यांची चाकं वरच्या बाजूनं आत झुकवलेली असतात, कॅम्बर म्हणतात त्याला, त्यामुळं आतली कड आधी झिजते आणि उभ्या माणसाला दिसते फक्त बाहेरची. म्हणून तर तुम्हाला बोलावलं. तुम्ही कॅलेंडरखालच्या खुर्चीत बसून फोनवर बोलत होता, कुणाशीतरी गोव्याच्या रूमचं चाललं होतं. फोन कानाला लावूनच आलात. मी टॉर्च मारून आतली कड दाखवली, तुमचा अंगठा धरून खाचेत फिरवला, त्या खाचेत टायर संपल्याची खूण म्हणून जी छोटी आडवी पट्टी असते तिच्या बरोबरीला रबर यायला आलेलं होतं. मी म्हणालो साहेब पुढचे राहूद्या, आधी मागचे टाका. तुम्ही फोनवर हात ठेवून म्हणालात, "१.६ लिमिट आहे ना, मग आहेत की अजून." एवढं बोलून परत खुर्चीत. हे सांगणं नाही तर काय ओ?

लिमिट १.६ च आहे, बरोबर आहे तुमचं. पण ती कायद्याची लिमिट आहे, पाण्याला ती माहीत नसते. नवा टायर साधारण ८ मिलीमीटरचा असतो. त्या खाचा शोभेला नसतात, टायरखाली आलेलं पाणी बाजूला काढून द्यायला असतात. ३ च्या खाली गेलं की ओल्या रस्त्यावर ब्रेकचं अंतर भराभर वाढायला लागतं, कोरड्या रस्त्यावर मात्र काही जाणवत नाही, उलट झिजलेला टायर कोरड्यात चांगलाच धरतो, म्हणून तर मे महिन्यापर्यंत तुम्हाला काही कळलं नाही. त्यात तुमचा मागचा टायर २७५ रुंदीचा, पुढचा २५५ चा. रुंद टायर दिसायला भारी, कोरड्यात पकड पण भारी, पण त्याला पाणी पण तेवढंच जास्त बाजूला सारावं लागतं. आणि पुढं-मागं साईझ वेगळी असल्यामुळं पुढचे चांगले मागं टाकू हा मार्गच बंद. टोयोटाची ८६ म्हणून एक गाडी आहे, ती पण मागच्या चाकावर चालणारी, तिला चारी बाजूंना सारखे २१५ चे बारीक टायर आलेले, तिथं अदलाबदल करता येते. तुमच्यात नाही.

आता ४० स्पीडचं. लोक खाली कॉमेंट टाकायलेत की ४० ला गाडी फिरली म्हणजे टायरच बोगस. ॲक्वाप्लॅनिंग वगैरे कुणीतरी लिहिलंय. रस्त्यावर पाणी साठलंय, टायर पाण्यावर चढला आणि होडी झाली, ती भानगड हायवेच्या स्पीडची, हवा ३२ असली आणि पाणी खोल असलं तर ९० च्या आसपासची. टायर झिजलेला असेल, हवा कमी असेल तर त्याच्या आधी. चढाच्या वळणावर ४० ला हे होत नाही. तिथं वेगळं होतं. टायरकडं पकड ठरलेली असते, तेवढ्यातच त्यानं गाडी पुढं ढकलायची आणि तेवढ्यातच वळणावर आडवी धरून ठेवायची. तुमची स्विफ्ट असती तर ढकलायचं काम पुढच्या चाकांकडं असतं, जास्त दाबलं तर नाक सरळ जातं, पाय काढला की परत लायनीवर येते. या गाडीत इंजिन पुढं आणि जोर सगळा मागच्या दोन चाकांवर. वळणात ॲक्सिलरेटर दाबला, मागच्या टायरची सगळी पकड ढकलण्यात खर्च झाली, आडवं धरायला काही उरलं नाही, शेपूट निघाली. मग माणूस घाबरून काय करतो, झटकन पाय काढतो, वजन येतं पुढं, मागची बाजू आणखी हलकी, आणखी निघते. हे व्हायला ४० पण लागत नाही, ३० पुरतात. त्यात स्पोर्ट मोडला बऱ्याच गाड्यांची घसरताना सांभाळून घेणारी सिस्टिम पण जरा ढिली सोडलेली असते, शेपूट थोडी हलू दे म्हणून. तो मोड कोरड्या रस्त्यासाठी आहे, जुलैतल्या यवतेश्वरसाठी नाही. वर धुकं, डोंगरावरून आलेली लाल माती, कुणाच्या तरी टेम्पोचं सांडलेलं डिझेल. आपल्याकडं ऊसवाल्याला विचारा, ट्रॅक्टरचं मागचं चाक गोटा करून चिखलात घालशील का. वेड्यात काढंल तो.

तुमच्याच रिव्ह्यूतला तिसरा फोटो मोठा करून बघा, साहेब. मी रात्री दहा वेळा बघितला. गाडी आडवी उभी आहे, पुढच्या टायरवर रबराचे बारीक केस अजून तसेच दिसतायत, आणि मागच्या डाव्याची आतली कड कॅमेऱ्याकडं आलीय, ती पट्टी आणि रबर एका पातळीत. खाच दिसतच नाही. जे मी टॉर्च मारून दाखवत होतो ते तुम्ही स्वतःच सगळ्या जगाला दाखवलंय.

आता एक गोष्ट आहे जी वकिलाच्या पोरानं, म्हणजे माझ्या भाच्यानं, लिहू नका म्हणून सांगितलं होतं, तरी लिहितो. मागचे गोटा असताना पुढं नवे टायर टाकणं हे काहीच न करण्यापेक्षा वाईट पडू शकतं. चारही झिजलेले असते तर पहिल्याच वळणावर स्टेअरिंग हलकं लागलं असतं, नाक बाहेर गेलं असतं, तुम्ही आपोआप हळू झाला असता. नव्या पुढच्या टायरनं वळण असं धरलं की तुम्हाला वाटलं गाडी मस्त बसलीय. मागं काय चाललंय ते सांगायला कुणी उरलंच नाही. मला हे माहीत होतं. तुम्हाला तेव्हा "आधी मागचे टाका" एवढंच म्हणालो, हे असं उलगडून नाही बोललो, कारण तुम्ही फोनवर होता आणि मागं दोन गाड्या थांबल्या होत्या. आणि मागची जोडी ११ हजारानं महाग आहे म्हटल्यावर तुम्ही "नाहीतर पुण्याला जातो" म्हणालात. जुलै महिना आहे, साहेब. पावसात आमच्याकडं पंक्चर सोडून काय येतं? अलाइनमेंटच्या मशीनचा हप्ता पाच तारखेला असतो. मी हो म्हणालो.

बिलाच्या मागं पेनानं लिहिलंय, "मागचे २ टायर बदलणे गरजेचे, पार्टी नको म्हणाली." कार्बन कॉपी माझ्याकडं आहे, फोटो टाकतोय. बिल घडी घालून दिलं, मागं लिहिलंय हे तोंडानं सांगितलं नाही, ती चूक माझी. पण "काही न सांगता" म्हणजे लबाडी झाली, आणि लबाडी मी १९ वर्षांत केली नाही. पोवई नाक्यावर हातपंप घेऊन सुरुवात केली तेव्हा पण नाही, नाक्याखालच्या रस्त्याचं, त्या ग्रेड सेपरेटरचं, काम चाललं होतं तेव्हा गिऱ्हाईक यायचं बंद झालं होतं, तेव्हा पण नाही. आज सकाळपासून कराडच्या दोन पार्ट्यांनी फोन करून विचारलंय की तुमच्याकडं डुप्लिकेट माल असतो का. एकानं तर ट्रकच्या सहा टायरची ऑर्डर थांबवली. तुमचा बंपर इन्शुरन्समध्ये होईल.

हे शेवटचं वाक्य चुकून कडक झालं असेल तर माफ करा, पुतण्या म्हणतोय काढून टाका, पण राहूदे.

घासाघीस केली त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, सगळेच करतात. चहा दोनदा दिला, तो पण रिव्ह्यूत "थंड चहा" म्हणून आलाय. तो पहिला थंड झाला कारण तुम्ही फोनवर होता, दुसरा गरम होता.

सुधारणा करतोय. इथून पुढं मागच्या चाकावर चालणारी गाडी असेल आणि मागचे ३ च्या खाली असतील तर नुसते पुढचे बसवणार नाही, मग पार्टी पुण्याला जाऊदे नाहीतर मुंबईला. गेजचे आकडे बिलाच्या पुढच्या बाजूला लिहून सही घ्यायचं पण ठरवलंय, छापखान्याला सांगायचंय. वेटिंगच्या खुर्च्यांचं पण बघतो.

आणखी एक. तुम्ही गुरुवारी गेल्यावर मी मागची २७५/३५ आर १९ ची जोडी त्याच संध्याकाळी पुण्याहून मागवली होती. वाटलं आज ना उद्या परत येतील. ती माळ्यावर आहे, प्लास्टिक पण काढलेलं नाही. या साईझची दुसरी गाडी माझ्याकडं येत नाही, त्यामुळं दुसऱ्या कुणाला देता पण येत नाही आणि डीलर परत घेत नाही. गाडी बॉडीशॉपमधून आली की घेऊन या. जो दर सांगितला होता तोच, बसवायचे आणि अलाइनमेंटचे पैसे नकोत. नवीन टायरला पहिले दोनेकशे किलोमीटर जरा सांभाळून चालवावं लागतं, वरचा गुळगुळीत थर जाईपर्यंत, हे आत्ताच सांगून ठेवतो, लेखी. निघायच्या आधी फोन करा, लाईट आहे का बघून सांगतो.